गोधडी-रजईचे सुती कापड

गोधडी, वाकळ, दुलई, रजई यांसारखी अनेक थरांची व टाके घालून एकजीव केलेली अंथरुणे-पांघरुणे तयार करण्यासाठी वापरण्यात येणारे कापसाचे कापड. अशा वस्तूचे सामान्यतः तीन भाग असतात : वरचे दर्शनी कापड, मधले भरण आणि खालचे अस्तर. गोधडीत पुष्कळदा वेगळे भरण नसते. जुन्या कापडाचे थरच भरणाचे काम करतात. या तिन्ही भागांना सुईच्या धावदोऱ्याने जखडून ठेवावयाचे असल्याने कापडाकडून परस्परविरोधी अपेक्षा केल्या जातात. ते सुई सहज जाईल इतके मोकळे, पण भरणाचे तंतू बाहेर पडणार नाहीत इतके घट्ट हवे. अंगाला मऊ, पण वर्षानुवर्षांच्या धुण्याला पुरून उरणारे हवे. बाजारात सारखीच दिसणारी दोन सुती कापडे या कसोट्यांवर अगदी भिन्न ठरू शकतात. हा फरक तंतू, सूत, वीण व अंतिम संस्करण या चार टप्प्यांवर निर्माण होतो. शिवणाऱ्याचे श्रम कापडाच्या किंमतीपेक्षा कितीतरी अधिक असल्याने कापडाची चुकीची निवड महिनोन्‌महिन्यांचे काम वाया घालवू शकते.

इतिहास : कापसाच्या कापडाचे थर एकत्र शिवण्याची प्रथा भारतीय उपखंडात फार जुनी असून महाराष्ट्रातील गोधडी, बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी, सिंध व कच्छमधील रल्ली आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाची कवंडी ही तिची प्रादेशिक रूपे होत. बंगालमध्ये तयार झालेल्या व टसर रेशमाने भरतकाम केलेल्या रजया सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीजांमार्फत यूरोपात गेल्या. त्यापाठोपाठ कोरोमंडल किनाऱ्यावरील व गुजरातेतील रंगीत छिटांना तेथे मोठी मागणी आली. धुतल्याने रंग न जाणारे असे हलके कापड यूरोपीय गिऱ्हाइकांना अपूर्व होते. स्थानिक लोकर व रेशीम व्यवसायांच्या संरक्षणासाठी फ्रान्सने १६८६ मध्ये आणि इंग्लंडने १७०१ व १७२१ मध्ये छापील सुती कापडावर निर्बंध घातले. ते अनुक्रमे १७५९ व १७७४ मध्ये उठविण्यात आले.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गिरण्यांच्या स्वस्त छापील कापडामुळे तुकडे जोडून रजई करण्याची कला घरोघर पसरली. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात पीठ व पशुखाद्य यांच्या छापील सुती पिशव्या उसवून त्यांच्या रजया शिवण्यात येत. न्यूयॉर्क येथील व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये जुन्या अमेरिकी रजयांचे प्रदर्शन भरविले. त्या दशकात या कलेचे पुनरुज्जीवन झाले आणि केवळ या कामासाठी विणलेल्या व छापलेल्या, सु. ११० सेंमी. पन्ह्याच्या शुद्ध सुती कापडाची स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिली.

तंतू : कापडाच्या गुणवत्तेचा पाया कापसाच्या तंतूची लांबी, बारीकपणा, बळकटी व परिपक्वता यांवर असतो. भारतात २० मिमी. पर्यंतचा धागा आखूड, २७·५ ते ३२ मिमी. लांबीचा लांब आणि ३२·५ मिमी. व त्याहून अधिक लांबीचा अतिलांब समजला जातो. लांब तंतू सुतात एकमेकांना अधिक अंतरापर्यंत धरून राहतात; त्यामुळे कमी पीळ देऊनही सूत बळकट राहते व त्याच्या पृष्ठावर टोके कमी बाहेर येतात. एकेरी तंतूची वाकण्यास विरोध करण्याची क्षमता त्याच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. साहजिकच तंतूच्या व्यासातील थोडीशी वाढही बोटांना जाणवते. याउलट भरणासाठी आखूड, जाड व कणखर तंतूच उपयोगी पडतो. गॉसिपियम आर्बोरियम या जातीच्या देशी वाणांचा असा कापूस दाबला गेल्यावर पुन्हा फुगतो आणि त्यात हवा अडकून राहते. एकाच रजईत वरचे कापड लांब धाग्याच्या अमेरिकी जातीच्या कापसाचे व भरण आखूड देशी कापसाचे असणे हे म्हणूनच योग्य ठरते (⟶ कापूस).

सूत : पिंजणानंतर तंतू विंचरून त्यांतील आखूड तंतू काढून टाकल्यास विंचरलेले सूत मिळते. या क्रियेत मालाच्या वजनाचा सु. १२ ते २० टक्के भाग कमी होतो. त्यामुळे असे सूत महाग, परंतु गुळगुळीत व एकसारखे असते. न विंचरलेल्या सुताच्या कापडावर धुण्याने लव व बारीक गोळ्या लवकर येतात.

सुताची जाडी क्रमांकाने सांगतात. इंग्रजी पद्धतीत एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका त्याचा क्रमांक. यावरून क्रमांक जितका मोठा तितके सूत बारीक. रजईसाठी खास तयार केलेल्या कापडात सु. ३० क्रमांकाचे, तर तलम लॉन व मलमल यांत ६० ते १०० क्रमांकांचे सूत आढळते. ३० क्रमांकाच्या ताण्याच्या सुतास दर इंचाला सु. २२ ते २४ पीळ देतात. पीळ वाढविल्यास एका मर्यादेपर्यंत बळकटी वाढते, पण सूत कडक व कोरडे लागते. व्हॉइल हे कापड तलम असूनही कुरकुरीत वाटते, ते त्यातील अतिपिळाच्या सुतामुळे. बाणा सामान्यतः ताण्यापेक्षा कमी पिळाचा असतो. साध्या चात्यांऐवजी रोटर यंत्रावर काढलेले सूत जाडीला अधिक एकसारखे असले, तरी बळकटीला कमी व स्पर्शाला खरखरीत असते. हातकताईच्या सुतात जाडी व पीळ ठिकठिकाणी बदलतात. खादीचा ओबडधोबड, पण उबदार पोत यातून निर्माण होतो.

वीण व घनता : रजईचे बहुतेक कापड साध्या विणीचे असते, म्हणजे आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून व पुढच्याच्या खालून जातो. या विणीत धाग्यांची गुंफण सर्वाधिक वेळा होत असल्याने कापड स्थिर राहते व त्याचे लहान तुकडे अचूक कापता येतात. ताण्याच्या दिशेने कापड सर्वांत कमी, बाण्याच्या दिशेने थोडे अधिक व उरेब दिशेने सर्वांत अधिक ताणले जाते. त्रिकोणी तुकड्यांची उरेब कड शिवताना लांबते आणि चौकोन वाकडा होतो, तो या कारणाने. उलट कडेचा गोट वळणावर नीट बसावा म्हणून त्याची पट्टी मुद्दाम उरेब कापतात. सॅटीनच्या विणीत धागे पृष्ठावर लांबवर मोकळे तरंगतात. त्यामुळे झळाळी व गुळगुळीतपणा येतो. मात्र कड लवकर सुटते आणि तरंगणारे धागे घर्षणाने झिजतात. इंग्लंडच्या उत्तर भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी सुती सॅटीनच्या अखंड रजया लोकप्रिय होत्या, कारण त्या झळाळीवर टाक्यांचे उठाव स्पष्ट दिसत.

घनता दर इंचातील धाग्यांच्या संख्येने सांगतात. रजईच्या कापडात ही संख्या दोन्ही दिशांनी प्रत्येकी सु. ६० ते ७८ असते आणि कापडाचे वजन बहुधा दर चौ. मी. ला सु. १३५ ते १५० ग्रॅ. भरते. केवळ धाग्यांची संख्या मात्र दिशाभूल करणारी ठरू शकते. ती सुताच्या जाडीच्या संदर्भातच पाहावी लागते. यासाठी इंचातील धाग्यांच्या संख्येस सुताच्या इंग्रजी क्रमांकाच्या वर्गमूळाने भागून आच्छादनांक काढतात. उदा., ३० क्रमांकाच्या सुताचे इंचात ६८ धागे असल्यास आच्छादनांक सु. १२·४ येतो, ८० क्रमांकाच्या सुताचे ६० धागे असलेल्या मलमलीत तो केवळ सु. ६·७ असतो. सुती धागे एकमेकांस अगदी भिडतील तेव्हा हा अंक सु. २८ होतो. आच्छादनांक फार कमी असल्यास भरणाचे तंतू विणीतून बाहेर येतात व पृष्ठावर लव उगवल्यासारखी दिसते, तसेच शिवणीतून धागे निसटतात. तो फार अधिक असल्यास हाताने शिवताना सुई अडते व टाके मोठे पडतात. दुहेरी पिळाच्या सुतातील प्रत्येक पदर वेगळा मोजून धाग्यांची संख्या फुगविण्याचा प्रकार चादरींच्या व्यापारात आढळतो. त्यापासून सावध राहणे इष्ट असते.

अंतिम संस्करण : मागावरून उतरलेले कोरे कापड खळीमुळे कडक व पिवळसर असते. केसाळपणा जाळणे, खळ काढणे, क्षारात उकळणे व विरंजन या क्रियांनी ते स्वच्छ व शोषक बनते. ताणून धरलेल्या कापडावर १८ ते २५ टक्के दाहक सोड्याच्या विद्रावाची क्रिया केल्यास तंतू फुगून गोलसर होतात. त्यांना चमक व बळकटी येते आणि ते रंग अधिक घेतात. या मर्सरीकरणाचा शोध जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये लावला व १८५० मध्ये त्याचे एकस्व घेतले. चमक येण्यासाठी ताण आवश्यक असल्याचे होरेस लो यांनी १८९० मध्ये दाखविले. कापड आधीच यांत्रिक रीतीने आखडून ठेवण्याची क्रिया सॅनफर्ड क्लूएट यांनी १९३० च्या सुमारास प्रचारात आणली व तीस सॅनफोरीकरण हे नाव पडले.

दुकानातील कापडाचा स्पर्श पुष्कळदा कापडाचा नसून त्यावर चढविलेल्या द्रव्याचा असतो. पातळ कापडास खळ दिली व तप्त रुळांतून काढले, की ते भरीव व गुळगुळीत भासते. पहिल्याच धुण्यात खळ निघून जाते व खरी विरळ वीण उघडी पडते. मृदुकारक द्रव्यांनी आणलेला मऊपणाही असाच तात्पुरता असतो. एकच नक्षी भिन्न दर्जांच्या मूळ कापडांवर छापली जात असल्याने छपाईवरून कापडाचा दर्जा ठरविता येत नाही.

रंग व छपाई : रंजकद्रव्य तंतूत शिरते, तर रंगद्रव्य बंधकाच्या साहाय्याने पृष्ठावर चिकटते. १९५६ मध्ये बाजारात आलेली विक्रियाशील रंजकद्रव्ये सेल्युलोजाशी रासायनिक बंध निर्माण करतात. त्यामुळे कापडाचा मऊपणा टिकून रंग पक्का राहतो. रंगद्रव्याच्या छपाईत बंधकाचा पातळ थर राहतो. तो कापड ताठ करतो आणि घर्षणाने उडतो. पांढऱ्यावर पांढरी अशी जाड लगद्याची छपाई असलेल्या कापडातून हाताची सुई कष्टाने जाते. गडद लाल, निळा व काळा रंग नीट धुतलेला नसल्यास शेजारच्या पांढऱ्या तुकड्यावर उतरतो, आणि शिवून पूर्ण झालेल्या रजईत हा डाग काढणे जवळजवळ अशक्य असते. जुन्या छिटांतील तपकिरी व काळ्या रंगांसाठी लोहयुक्त रंगबंधक वापरीत. त्याने कालांतराने सेल्युलोज कुजते. म्हणून संग्रहालयांतील पुराण्या रजयांत नक्षीच्या काळ्या रेषा तेवढ्या झडून गेलेल्या दिसतात.

प्रमुख प्रकार : मांजरपाट अथवा मादरपाट हे कोरे, जाडेभरडे कापड असून अस्तरासाठी वापरतात. ते स्वस्त व बळकट, परंतु न धुता वापरल्यास बरेच आटते. लाँगक्लॉथ हे विरंजित, मध्यम वजनाचे असते. केंब्रिक बारीक सुताचे व घट्ट विणीचे असून त्याला किंचित चकाकी असते. इंडोनेशियातील बाटिकसाठी असेच घट्ट कापड घेतात. मेण चढविणे, रंगविणे व उकळून मेण काढणे या क्रियांतून गेल्याने ते आधीच आखडलेले असते आणि दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखे दिसते. पण त्यात टाचणीची भोके सहज बुजत नाहीत व हाताने शिवणे जड जाते. पॉपलिनमध्ये ताण्याचे धागे बाण्यापेक्षा बरेच अधिक असल्याने पृष्ठावर बारीक आडव्या रेषा उमटतात. लॉन तलम व रेशमासारखे गुळगुळीत असून लहान तुकड्यांच्या जोडकामात त्याच्या शिवणी जाड होत नाहीत. मलमल व व्हॉइल यांच्या पृष्ठाच्या जयपुरी रजया वजनाला अत्यंत हलक्या असतात. विरळ विणीतून कापूस बाहेर येऊ नये म्हणून त्यांत उत्तम पिंजलेला कापूस पातळ पसरून जवळजवळ टाके घालावे लागतात. त्यांच्या कापडावर सांगानेर व बगरू येथील ठशांची छपाई आढळते. फ्लॅनेलचा पृष्ठ ओरबाडून लव काढलेली असते. ते उबदार असले, तरी अधिक आटते व त्यावर गोळ्या येतात. खादी व इतर हातमागाची कापडे मोकळ्या विणीची, शोषक व हाताच्या सुईस अनुकूल असतात. त्यांची शिवण मात्र थोडी रुंद ठेवावी लागते.

या नावांचे अर्थ देशोदेशी बदलतात. ‘मस्लिन’ म्हणजे भारतात तलम मलमल, तर अमेरिकेत मध्यम वजनाचे साधे कोरे कापड. कालिकतवरून रूढ झालेली ‘कॅलिको’ ही संज्ञा इंग्लंडमध्ये कोऱ्या जाड्या कापडास व अमेरिकेत लहान नक्षीच्या छापील कापडास लावतात. म्हणून परदेशी नमुन्यावरून काम करताना नावापेक्षा वजन, सूत व घनता पाहणे श्रेयस्कर.

जुन्या कापडाची गोधडी : महाराष्ट्रात गोधडी पारंपरिक रीत्या जुनी नऊवारी लुगडी, धोतरे व इतर वापरलेले कपडे यांपासून शिवतात. अनेक वर्षांच्या धुण्याने खळ व सुटे आखूड तंतू निघून गेलेले असतात, सूत चापट व सैल झालेले असते आणि जे आटावयाचे ते आटून झालेले असते. नवे कापड ज्या गुणांसाठी प्रक्रियेतून काढावे लागते, ते गुण जुन्या लुगड्यात वापरानेच आलेले असतात. बाळंतिणीच्या व तान्ह्या मुलाच्या अंथरुणासाठी जुन्या कापडाची निवड केली जाते, ती या मऊपणामुळे. मात्र ऊन, क्षार व घर्षण यांनी अशा कापडाची बळकटीही घटलेली असते. यासाठी विरलेले कापड आत व धड कापड बाहेर घालतात, सर्व थर जवळजवळच्या धावदोऱ्याने बांधतात आणि ताण एका जागी न येता अनेक टाक्यांवर विभागतात. वापरात एखादी जागा फाटल्यास तिच्यावर ठिगळ लावून पुन्हा धावदोरा घालता येतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टर व इतर कृत्रिम धाग्यांच्या साड्यांचा प्रसार झाल्यावर गोधडीचा कच्चा माल बदलला. प्रमाण आर्द्रतेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सु. ८·५ टक्के, तर पॉलिएस्टर केवळ सु. ०·४ टक्का ओलावा धरतो. त्यामुळे कृत्रिम धाग्यांची गोधडी घाम शोषून घेत नाही, तिचे थर एकमेकांवरून सरकतात व स्पर्शही निसरडा लागतो. ती लवकर वाळते व दीर्घकाळ टिकते हे तिचे गुण होत. ओला कापूस कोरड्यापेक्षा अधिक बळकट असतो, त्यामुळे आपटून धुतली जाणारी सुती गोधडीही पुष्कळ वर्षे तग धरते.

स्पर्शाचे मापन : कापड बोटांत घेतल्यावर होणाऱ्या जाणिवेत मऊपणा, लवचिकपणा, गुळगुळीतपणा, भरीवपणा व उष्ण-शीत संवेदना यांचा समावेश होतो. ही जाणीव मोजता येईल, असे इंग्रज संशोधक एफ्. टी. पीअर्स यांनी १९३० मध्ये दाखविले. त्यांच्या पद्धतीत कापडाची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर सरकवितात. तिचे टोक ४१·५° च्या उतारास टेकेल तेव्हा बाहेर असलेल्या लांबीच्या निम्मी ती वाकण-लांबी होय. ही लांबी जितकी अधिक तितके कापड ताठ. जपानमध्ये सुएओ कावाबाता यांनी १९७० नंतरच्या दशकात ताण, कर्तन, वाकणे, दाब व पृष्ठघर्षण हे गुण अत्यल्प भाराखाली मोजणारी उपकरणे तयार केली आणि त्यांच्या मापनांची तज्ञांच्या हाताच्या निर्णयाशी सांगड घातली.

निवड व परीक्षण : प्रयोगशाळेवाचूनही काही चाचण्या करता येतात. कापड दोन्ही हातांत चोळल्यास जादा खळ भुकटीच्या रूपाने पडते. उजेडासमोर धरल्यास वीण सारखी आहे की विरळ, ते दिसते. कडेचे धागे ओढून पाहिल्यास ते किती सहज सुटतात हे समजते. जाळलेल्या सुती धाग्यास कागदासारखा वास येऊन त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासल्यास रंगाचा कच्चेपणा कळतो. आटण्याचे प्रमाण पाहण्यासाठी मोजलेला चौकोन धुऊन, वाळवून पुन्हा मोजतात. दर्शनी कापड २ टक्के व अस्तर ५ टक्के आटत असल्यास प्रत्येक मीटरमागे ३ सेंमी. चा फरक पडून रजईवर सुरकुत्या येतात. म्हणून सर्व कापडे शिवण्यापूर्वी धुऊन घेणे, किंवा एकसारखी आटणारी कापडे निवडणे, हे दोनच मार्ग उरतात.

जोडकामात शिवणीबाहेर सु. ६ मिमी. एवढेच कापड राहते. त्यामुळे विरळ कापडाची शिवण ताणाखाली उसवते. एकाच रजईत फार भिन्न वजनांची कापडे एकत्र केल्यास ताण हलक्या कापडावर येऊन ते आधी फाटते. हाच नियम दोऱ्यालाही लागू पडतो. दोरा कापडाहून फार बळकट असेल, तर टाक्याच्या जागी कापडच कापले जाते; तो किंचित कमजोर असल्यास दोरा तुटतो आणि पुन्हा टाका घालून कापड वाचविता येते.

धुलाई व जतन : सुती रजई थंड वा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी. क्लोरिनयुक्त विरंजकाने सेल्युलोजाची बळकटी घटते. ओली रजई फार जड होते. दोरीवर एका रेषेत टांगल्यास तिच्या टाक्यांवर ताण येतो, म्हणून ती सपाट पसरून सावलीत वाळविणे चांगले. प्रखर उन्हाने रंग उडतो व तंतू ठिसूळ होतात. दीर्घकाळ ठेवावयाच्या रजया पूर्ण कोरड्या करून स्वच्छ सुती कापडात गुंडाळतात आणि घडीच्या जागी तंतू तुटू नयेत म्हणून ठराविक काळाने घडी बदलतात.